ठासणीची बंदूक आणि सातपुड्याचे रान

पोते ठासून भरतात, आगगाडीचा डबा ठासून भरतो. याच ठासण्यावरून एका हत्याराला नाव मिळाले आहे. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. आधी मापाने दारू नळीत ओतायची, मग चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी तोंडावर ठेवायची आणि गजाने ठासत ठासत थेट दारूवर नेऊन बसवायची. एवढे झाल्यावर घोड्याखाली टोपी चढवायची, की बार तयार. सरावलेल्या हातालाही याला अर्धा मिनिट सहज लागे. समोर सांबर असेल तर अर्ध्या मिनिटात ते दोन टेकड्या ओलांडून जाते. समोर चिडलेला गवा असेल, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

म्हणून ठासणीच्या काळात शिकारीची बंदूक निवडणे ही हौसेची बाब नव्हती. पहिला बार फुकट गेला तर दुसरा मिळेलच असे नाही, हे धरूनच ती निवडावी लागे.

या बंदुकीच्या तीन पिढ्या झाल्या. पहिली तोड्याची. तिच्यात जळती वात रंजकेवर टेकवून बार काढीत. दुसरी गारेची, म्हणजे चकमकीच्या ठिणगीवर उडणारी. तिसरी टोपीची. गारेच्या बंदुकीत आधी कानाशी भपका होई आणि क्षणभराने गोळी सुटे. तेवढ्या क्षणात पाण्यावरची बदके सावध होत. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फॉर्सिथ मोठा शिकारी होता, आणि ही अडचण त्याच्या डोक्यात घोळत होती. आघाताने पेटणारे रसायन वापरून बार उडवण्याचे पेटंट त्याने १८०७ साली घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी आली. बदकांनी दिलेल्या हुलकावण्यांतून बंदुकीची एक पिढी जन्माला आली, असे म्हटले तरी चालेल.

दुसरा फरक नळीच्या आतला. साध्या नळीतली गोळी शंभर वारांच्या आतच भरकटू लागते. नळीत पिळाचे चर पाडले की गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते आणि सरळ जाते. हीच रायफल. आता पीळ किती द्यायचा, गोळी केवढी घ्यायची आणि दारू किती भरायची, या तीन प्रश्नांची उत्तरे दर मुलखात निराळी निघाली. जर्मन शिकाऱ्यांची रायफल आखूड आणि मोठ्या तोंडाची होती. त्यांचेच कारागीर अठराव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेले. तेथे शिकारी महिनोन् महिने रानात फिरत आणि शिसे-दारू पाठीवरून नेत. म्हणून नळी लांब झाली, गोळी लहान झाली. पुढे तेच लोक पश्चिमेच्या माळरानावर रानरेड्यांच्या मुलखात शिरले, तेव्हा सेंट लुईसच्या हॉकन बंधूंनी त्यांच्यासाठी पुन्हा आखूड, जड आणि मोठ्या गोळीची रायफल घडवली. रान बदलले तशी बंदूक बदलली.

आपल्याकडच्या रानाने काय मागितले? येथे जनावर मोठे, झाडी दाट आणि उन्हाळ्यात तापलेली हवा. सिलोनमध्ये हत्तीची शिकार करणाऱ्या सॅम्युअल बेकरने १८४० साली ब्रिस्टलच्या गिब्ज कारखान्यातून एक रायफल करवून घेतली होती. तिचे वजन एकवीस पौंड, म्हणजे साडेनऊ किलो. एका बाराला अठ्ठावीस ग्रॅम दारू लागे. हत्तीला ती ठीक. पण खांद्यावर घेऊन सातपुड्याचे कडे चढायचे म्हटले तर ती शिकाऱ्यालाच आधी दमवायची.

या प्रश्नाचा सगळ्यांत नेटका विचार सातपुड्यातच झाला. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. या प्रांताच्या जंगलखात्यात कॅप्टन जेम्स फॉर्सिथ नावाचा तरुण अधिकारी होता. आडनाव पाद्र्याचेच, माणूस दुसरा. पचमढीच्या पठारावर १८६२ साली त्याने बांधलेली ‘बायसन लॉज’ ही वास्तू अजून उभी आहे. तेथे कोरकू लोक आधीपासून राहत होतेच. शिकारीच्या रायफलीवर त्याने एक पुस्तक लिहिले आणि १८६७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. त्या वेळी लष्करात एन्फिल्ड रायफल होती. तिची निमुळती गोळी सुमारे चौतीस ग्रॅमची, आणि दारू अवघी साडेचार ग्रॅम. असली जड गोळी थोड्या दारूवर लांब जाते खरी, पण भिरकावलेल्या दगडासारखी कमानीतून जाते. कवायतीच्या मैदानावर अंतर मोजलेले असते. तेवढे अंतर मागच्या खाचेवर लावले की भागते. पण रानात अंतर कोण मोजून ठेवणार? बांबूच्या बेटातून गव्याचा खांदा दिसतो तो दोन श्वासांपुरता. तो साठ वारांवर आहे की एकशेवीस, हे सांज-सकाळच्या उजेडात भल्याभल्यांना सांगता येत नाही. अंदाज चुकला की गोळी वरून तरी जाते, नाहीतर पोटात बसते.

म्हणून गोळी अशी हवी, की दीडशे वारांच्या आत तिची वाट जवळजवळ सपाट राहील आणि अंतराचा विचारच करावा लागणार नाही. त्यासाठी वेग हवा, आणि वेगासाठी दारू जास्त हवी. पण पीळ जोरकस असेल आणि दारू जास्त भरली, तर गोल गोळी चर सोडून सरळ घसरत बाहेर पडते आणि नेम जातो. यावर फॉर्सिथने सुचवलेला उपाय सोपा होता. पीळच सैल करा. एन्फिल्डमध्ये ७८ इंचांत एक फेरा होता. त्याने १०४ इंचांत एक फेरा सांगितला. म्हणजे नळी २६ इंचांची धरली, तर गोळी नळीत जेमतेम पाव फेरा घेई. तेवढा फेरा गोल गोळीला पुरतो. चौदा बोरची, म्हणजे एका पौंडात चौदा बसतील अशी, साधारण बत्तीस ग्रॅमची गोळी घ्या आणि तिच्यामागे नऊ ग्रॅमच्या आसपास दारू भरा. एन्फिल्डहून गोळी किंचित हलकी आणि दारू मात्र दुप्पट.

यात तोटे नव्हते असे नाही. गोल गोळीचा वेग लवकर मरतो. दीडशे वारांपलीकडे तिचा भरवसा धरू नये. खांद्याला धक्का चांगलाच बसे. शिवाय ठासणीच्या नेहमीच्या कटकटी होत्याच. काळ्या दारूचा धूर असा दाटे की जनावर पडले की निसटले ते कळत नसे. चार-सहा बारांनंतर नळीत काजळी धरून गोळी अडू लागे, मग गरम पाण्याने नळी धुवायची. दुनळी असेल तर निराळेच भय. एका नळीचा बार उडाला की त्या धक्क्याने दुसऱ्या नळीतली गोळी दारूपासून सुटून पुढे सरके. तशीच ती उडवली तर नळी फुटण्याचा धोका. म्हणून जाणता शिकारी एक नळी भरताना दुसरीत गज घालून गोळी जागेवर आहे ना, ते चाचपून बघे.

पण पोटात गोळी बसलेल्या जनावराचे पुढे काय होई? ते लगेच मरत नाही. झाडीत शिरते आणि दबा धरून बसते. रक्ताचा माग काढत त्याच्यामागे जाणारा पहिला माणूस पुष्कळदा साहेब नसे. तो गावचा गोंड नाहीतर कोरकू मागकरी असे, हातात कुऱ्हाड आणि नजर जमिनीवर. साहेबाच्या अंदाजातली वीस वारांची चूक त्याच्या अंगावर येई. सपाट वाटेच्या गोळीने जनावराचे हाल कमी होत, आणि या माणसाचा जीवही वाचे. रायफलीच्या पिळाचा हा हिशेब रुक्ष वाटतो खरा, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा होता.

गावच्या शिकाऱ्याने आपल्यापुरता हा प्रश्न आधीच सोडवला होता, आणि तोही पुस्तकाशिवाय. त्याची बंदूक तोड्याची, नळी साधी. म्हणून तो अंतरच राहू देत नसे. पाणवठ्याशी आडोसा करून रात्रभर बसायचे आणि जनावर दहा-वीस पावलांवर आल्याखेरीज वात टेकवायची नाही. साहेबाने वेग वाढवून चूक झाकली. याने जवळ जाऊन चुकीला जागाच ठेवली नाही.

फॉर्सिथ १८७१ साली वारला. तोवर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या होत्या आणि ठासणीचे दिवस भरत आले होते. त्याचे सैल पिळाचे गणित मागे पडले. मात्र सपाट वाटेचा आग्रह पुढच्या शिकारी रायफलींनी सोडला नाही. लंडनच्या पर्डीने तर १८५६ सालीच लहान गोळी आणि भरपूर दारू या वाटेने तेथे पोचून आपल्या रायफलीला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असे नाव दिले होते. पण चटचट भरता येणाऱ्या बंदुकीने बारांची संख्या वाढवली आणि रानातली जनावरे घटवली, हेही खरेच. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याची सक्ती आली ती आपल्या लोकांना. युरोपियनांना सूट होती.

स्वतंत्र भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ मधली दुरुस्ती यांनी शौकाची शिकार संपवली. ठासणीची बंदूक मात्र कायद्याच्या पुस्तकातून गेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी तिचा नाव घेऊन उल्लेख आहे. कोकणात भाताच्या खाचरात रानडुकरे शिरतात, तेथे शेतकऱ्याच्या घरात ती आजही खुंटीला दिसते. परवान्यावाचून बाळगलेल्या अशा बंदुकांनी अंधारात जनावर समजून माणूस मारल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. नळी साधी असो की पिळाची, समोर काय आहे आणि ते किती लांब आहे, हे ठरवण्याचे काम शेवटी डोळ्यालाच करावे लागते.