जिभेला न कळणारा कळक

पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं. कडेला हिरवट रेघ धरते, घोट घेताच जीभ आखडते. घरातली म्हातारी ते ओतून टाकायला लावते. लेकरांना तर थेंबही देत नाही. खाण्यापिण्यात धातू उतरला की नाही, हे ओळखायची आपल्या घरांतली ही जुनी कसोटी. कळकणे हा शब्द कलंकाच्या कुळातला. कळंक म्हणजे डाग, आणि तांब्या-पितळेवर चढणारा हिरवा थरही.

उपाय होता कल्हईचा. अरबीत कलई म्हणजे कथील. कल्हईवाला भात्याने भट्टी फुलवायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून फिरवायचा. आंबट कालवण आणि तांबं यांच्यामध्ये कथलाची पातळ भिंत उभी राहायची. पण कथील महाग, शिसं स्वस्त. शिसं मिसळलेली कल्हईही चकाकते, आणि शिशाने पाणी कळकत नाही. म्हातारीची कसोटी शिशापुढे चालत नाही.

शिशाचा व्यापारही जुनाच. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचं नाव येतं. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, आणि त्याच बंदरात तांबं, कथील आणि शिसं उतरत असे. ‘पेरिप्लस’च्या थोडं आधी रोममध्ये वास्तुकार विट्रुव्हियसने लिहून ठेवलं होतं की, पाणी शिशाच्या नळांपेक्षा मातीच्या नळांतून आणावं. शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक पडतात. पुरावा म्हणून त्याने माणसांकडे पाहिलं.

अपाय होतो हे दिसलं, पण किती घेतल्याने? म्हणून पुढचा धागा मात्रेचा. १५३८ मध्ये वैद्य पॅरासेल्ससने मांडलं की, पदार्थ विष ठरतो तो मात्रेने. १९५४ मध्ये अमेरिकेत लेहमन आणि फिट्झह्यू या शास्त्रज्ञांनी सुचवलं की, जनावरांना ज्या मात्रेने अपाय होत नाही तिचा शंभरावा भाग माणसासाठी धरावा. १९८३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने धोका मोजण्याच्या चार पायऱ्या आखल्या: घातक काय, किती मात्रेला किती अपाय, कोणाच्या पोटात किती जातं, आणि या सगळ्यांवरून धोका किती.

यातूनच ‘हॅझर्ड कोशंट’ काढतात. पाण्यातल्या धातूचं प्रमाण गुणिले रोज पिण्यात येणारं पाणी, भागिले माणसाचं वजन, म्हणजे रोजची मात्रा. तिला सुरक्षित मात्रेने भागायचं. उत्तर १ च्या वर गेलं म्हणजे आजार झालाच असं नाही, पण त्या पाण्याकडे लक्ष द्यायलाच हवं.

नमुन्यादाखल हिशेब करू. समजा, एका बोअरच्या पाण्यात लिटरमागे ०.००६ मिलिग्रॅम कॅडमियम हा धातू आहे. भारतीय मानक ०.००३ चं. पाण्यातून येणाऱ्या कॅडमियमची सुरक्षित मात्रा किलो वजनामागे रोज ०.०००५ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोचा माणूस २ लिटर पाणी पितो, असं गृहीत धरायची रीत आहे. त्याचं उत्तर ०.४ येतं. आता वैशाखात रानात राबणारी ५० किलोची बाई घ्या. ती ५ लिटर पाणी पिते. तिचं उत्तर १.२. दिवसाला लिटरभर पाणी पिणाऱ्या १० किलोच्या लेकराचंही १.२. बोअर तोच, घागरही तीच, पण एक जण निर्धास्त आणि दोघं धोक्याच्या रेषेपलीकडे.

म्हणून हे २ लिटर मला खटकतात. धाराशिवचा उन्हाळा, बांधावरची मजुरी, ऊसतोडीचे दिवस त्यात धरलेले नाहीत. गावाचं पाणी तपासायला जातं तेव्हा बाटलीबरोबर आणखी दोन गोष्टी लिहून जायला हव्यात: इथली माणसं उन्हाळ्यात किती पाणी पितात, आणि त्यांची वजनं काय. त्याशिवायचा भागाकार दुसऱ्याच कोणाचा तरी असतो.

शिसं, कॅडमियम जिभेला कळत नाहीत. तिथे आकड्यांवरच भिस्त ठेवावी लागते. पण ताक ओतून टाकणाऱ्या म्हातारीने भांडं पाहिलं, तशी पिणारी लेकरंही पाहिली होती. आकडे मांडताना तिची ही नजर सोबत हवी.