पद्मिनीच्या तारांचा नकाशा

पालघर-बोईसरहून रेल्वेने मुंबईला गेलो, की स्टेशनाबाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्सींची रांग दिसायची. त्यातल्या जुन्या, चौकोनी तोंडाच्या टॅक्सीचं नाव प्रीमियर पद्मिनी. 30 ऑक्टोबर 2023 पासून ती मुंबईत टॅक्सी म्हणून धावत नाही. आज तिच्या पोटातल्या तारांबद्दल बोलू, कारण त्या तारांच्या नकाशात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे फियाट 1100 ही गाडी बनू लागली. 1974 पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून विकली गेली. 2000 च्या सुमारास ती बनणं थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती, म्हणून 2023 मध्ये तिचीही मुदत संपली.

आता तारांकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारी पुढे हँडल घालून, हाताने फिरवून चालू करत. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. 1912 मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत बॅटरीवर चालणारा स्टार्टर आला. आपण त्याला 'सेल्फ' म्हणतो. गाडी चालू करायला मनगटाचा जोर लागेना, त्यामुळे बायकांनाही गाडी चालवणं सोपं झालं. बॅटरी आली तसे तिच्यावर चालणारे दिवे, हॉर्न, वायपर वाढले. तारांचा जुडगा एवढा झाला, की कोणती तार कुठे जाते हे डोक्यात ठेवणं कठीण. म्हणून ते कागदावर काढावं लागलं. तोच वायरिंगचा नकाशा.

पण हा कागद किती जणांनी वाचला? तो कंपनीच्या पुस्तकात, बहुतेक इंग्रजीत. गॅरेजमध्ये मुलं उस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकत. चांगलं शिकत. मुलींना मात्र तिथे कुणी बसवत नसे. हातातली विद्या हाताबरोबर जाते. पद्मिनी रस्त्यावरून गेली, तिचे मिस्त्रीही पांगले. कागदावरची विद्या मात्र वाचणाऱ्या कुणाचीही होते. ती कुणाची मुलगी, कुणाची सून, हे विचारत नाही.

नकाशा पाहून घाबरायचं नाही. सगळा एकदम वाचायचाच नसतो. एक दिवा घ्या आणि त्याची वाट बोटाने धरा. बॅटरीची खूण म्हणजे एक लांब रेघ आणि एक आखूड रेघ: लांब ती अधिक, आखूड ती वजा. तिथून तार निघते, फ्यूजमधून जाते, स्विचपाशी येते. स्विच म्हणजे रेघेतली फट. फट मिटली की वीज पुढे. मग दिवा: गोल आणि आत फुली. दिव्यापुढे तीन आडव्या रेघा दिसतात, एकीखाली एक, लहान लहान होत गेलेल्या. ती अर्थिंगची खूण. परतीची वेगळी तार शोधत बसू नका. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची तार असतो.

पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचं दुखणं बहुधा इथेच असतं. आपल्या किनाऱ्याचा खारा वारा लोखंड खातो. अर्थिंगचा बोल्ट गंजला, की विजेला परतीची वाट मिळत नाही आणि ती दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही लुकलुकतो. नकाशा न पाहणारा नवा बल्ब आणतो. नकाशा पाहणारी आधी तो बोल्ट घासून साफ करते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कोपऱ्यातली रंगांची यादी आधी वाचा. इटालियन नकाशात 'बी' हे अक्षर पांढऱ्या तारेसाठी, कारण त्यांच्या भाषेत पांढरा म्हणजे 'बियांको'. इंग्रजी नकाशात तेच 'बी' बहुधा काळ्यासाठी. दोन, हात लावण्याआधी पद्मिनीच्या बॅटरीची वजा बाजूची तार सोडवा. 12 व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण पाना चुकीच्या जागी टेकला तर ठिणगी पडते, तार तापून पेट घेते.

खुणा वाचणं आपल्या भागाला नवं नाही. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. त्रिकोण, गोल, रेघ एवढ्यातच माणूस, झाड, देवी सगळं येतं आणि बघणाऱ्याला ते कळतं. वायरिंगच्या नकाशातही थोड्याच खुणा असतात. त्यांचा अर्थ एकदा सांगितला की झालं.

आणि ही रीत एका गाडीपुरती नाही. 1969 मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे बोईसरला एमआयडीसी वाढली. आपल्या कितीतरी मुली रोज तिथल्या कारखान्यांत जातात. तिथल्या पॅनेलचे नकाशे कितीतरी मोठे, तिथली वीजही जास्त धोक्याची. शिकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. पण वाचायची सुरुवात तीच: वीज कुठून आली, कुठे थांबली, परत कशी गेली. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, गटाची पिठाची गिरणी, मसाल्याचं यंत्र, प्रत्येकासोबत असा एक कागद येतो. बहुतेक घरांत तो खोक्याबरोबर फेकला जातो.

गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्या यंत्राचा तो कागद शोधून आणा. मधोमध ठेवा आणि एका दिव्याची वाट बोटाने धरून पाहा. दुरुस्ती मिस्त्रीच करेल, हरकत नाही. पण काय बिघडलंय आणि पैसे कशाचे द्यायचे, हे तेव्हा आपल्यालाही कळलेलं असेल.