संग्रहपाल (क्युरेटर) : अर्थ आणि कार्य

संग्रहालयातील वस्तूंची निवड, नोंद, जतन, अभ्यास आणि मांडणी ही ज्याची जबाबदारी, तो संग्रहपाल. महाराष्ट्रातील शासकीय वस्तुसंग्रहालयांत या पदाला 'अभिरक्षक' म्हणतात. बोलण्यात 'क्युरेटर' हाच शब्द रुळला आहे. त्याचे मूळ 'काळजी' या अर्थाच्या 'क्युरा' या लॅटिन शब्दात आहे.

कामाचे स्वरूप

वस्तू आली की दाखल नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो. ती काय आहे, कशाची आहे, कोणाकडून, केव्हा व कोणत्या अटीवर आली, हे तेथे लिहिले जाते. ही नोंद हरवली, तर पेशव्यांच्या काळातील समई आणि जुन्या बाजारातील समई यांत फरक सांगणे कठीण होते. त्यानंतर जतन येते. कापड, कागद व जलरंगातील चित्रे यांवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण उडालेला रंग परत येत नाही.

वडोदऱ्यातील परंपरा

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी उभारलेल्या कमाटीबागेतील संग्रहालयाची इमारत 1894 मध्ये पूर्ण झाली. शेजारचे चित्रसंग्रहालय 1914 मध्ये बांधून झाले, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील चित्रे अडकून पडली आणि ते 1921 मध्ये खुले झाले. जर्मन कलेतिहासकार हेर्मान गोएट्झ यांनी 1940 च्या दशकात या संग्रहालयाची धुरा सांभाळली. पुढे 1954 मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे ते पहिले क्युरेटर झाले. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते.

आपल्या घरातील संग्रह

पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या घरांत मोडी कागद, सनदा, पोथ्या, पैठण्या, नाटकांची छायाचित्रे असतात. वस्तू माळ्यावर टिकते. तिची माहिती मात्र घरातील वडीलधाऱ्यांबरोबर जाते. म्हणून एवढे तरी करावे :

- प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन एका वहीत तिची हकीकत लिहावी. आजी-आजोबांना विचारूनच लिहावी.
- छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. शाईचा पेन वापरू नये.
- फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये.
- पैठणीच्या घड्या अधूनमधून बदलाव्यात.
- मोडी कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत देऊ नयेत.

1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे आदी वस्तू 'पुरावशेष' ठरतात. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षे आहे. अशा वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत. देवघरातील जुनी मूर्ती परदेशातील मुलांकडे पाठवण्याआधी हे ध्यानात ठेवावे.