खळ्यावरचे मातेरे आणि कोंबड्यांचे खाद्य

लोणार तालुक्यातील बीबी ज्या वऱ्हाडात येते, तो प्रांत 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तेव्हा ज्वारी हेच तेथील मुख्य अन्न होते. त्यामुळे घरच्या कोंबड्या मातेऱ्यावर, म्हणजे रास उचलल्यावर खळ्यात उरलेल्या माती मिसळलेल्या दाण्यांवर, आणि पाखडताना पडणाऱ्या कणीवर जगत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संकरित कोंबड्यांबरोबर मका आणि सोयापेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा सोयाबीनचा प्रथिनयुक्त चोथा, यांचे कारखानी मिश्रण आले. पुढे विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. हा बदल निव्वळ प्रगती मानणे अपुरे आहे, कारण शेतकऱ्याचे सोयाबीन आता बाजार समितीमार्गे तेलगिरणीत जाते आणि पेंड होऊन पिशवीबंद खाद्यातून विकत परतते.