जाहीरनामा, अफवा आणि विश्वास : मुंबईतील प्लेगकाळातील प्रशासकीय लोकसंवाद (१८९६–१८९८)

प्रस्तावना

संकटकाळात एखाद्या संस्थेने लोकांशी कसे बोलावे, हा प्रश्न समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर नव्याने चर्चिला जाऊ लागला. व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत त्याची उदाहरणे बहुधा पाश्चात्त्य कंपन्यांची असतात. वस्तुतः या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबई शहरातच घडला. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबई म्युनिसिपालिटीने आणि पुढे प्लेग कमिटीने लोकांशी केलेल्या व्यवहाराचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे. अफवा या लोकांच्या अज्ञानातून जन्मतात, असे तत्कालीन अधिकाऱ्यांचे मत होते. घटनाक्रम तपासला असता ते मत अपुरे ठरते.

पहिला जाहीरनामा आणि त्याची परिणती

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना गाठीचा प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. १८९१ च्या शिरगणतीनुसार शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी जाहीरनामा काढला. त्यान्वये अधिकाऱ्यांना घरात शिरून निर्जंतुकीकरण करण्याचा आणि संशयित रुग्णास प्रसंगी सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार मिळाला.

या जाहीरनाम्यात काय केले जाईल हे होते. का केले जाईल हे नव्हते. रुग्णालयात नेलेल्या माणसाचे पुढे काय होते, आप्तांना त्याची भेट मिळेल काय, मृत्यू आल्यास अंत्यविधी कोणी करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे लोकांना मिळाली नाहीत. ती पोकळी अफवांनी भरून काढली. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहांतून ‘मोमीआई’ हे औषधी तेल काढले जाते, अशी वदंता पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी आदेश सौम्य करण्यात आला : घरातच विलगीकरणाची व उपचारांची योग्य सोय असल्यास रुग्णास हलविले जाणार नाही. सफाई कामगारांनी शहर सोडले तर मुंबई राहण्यायोग्य उरणार नाही, ही धास्ती या माघारीमागे होती, हे स्नो यांच्याच अहवालावरून दिसते. म्हणजेच जे आधी समजावून सांगता आले असते, ते हल्ल्यानंतर मान्य करावे लागले. १८९७ च्या आरंभापर्यंत शहरातील सुमारे निम्मे रहिवासी बाहेर पडले होते. त्यांच्याबरोबर रोगही बाहेर गेला.

पुण्याचा अनुभव

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. येथे जाहीरनाम्यापेक्षा कृतीच अधिक बोलकी ठरली. देवघरात, स्वयंपाकघरात, माजघरात परक्या शिपायाने बुटांसह शिरणे हाच लोकांपर्यंत पोहोचलेला शासनाचा खरा ‘संदेश’ होता. तक्रारींना दाद मिळेना. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर शासनाने कान उघडण्याऐवजी तोंडे बंद केली. नातू बंधूंना स्थानबद्ध करण्यात आले आणि लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

याच काळातील आणखी एक प्रसंग उल्लेखनीय आहे. इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांच्या अत्याचारांविषयी जाहीर आरोप केले. स्वदेशी परतल्यावर त्यांना पुरावा उपलब्ध करता आला नाही आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. माहितीची शहानिशा हे बंधन केवळ शासनाचे नसून टीकाकारांचेही असते, हे यातून दिसते. परंतु जेथे तक्रारीची विश्वासार्ह चौकशीच होत नाही, तेथे खरे-खोटे निवडणार कोण, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

अनिश्चित ज्ञान, निश्चित भाषा

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे १८९६ मध्ये ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवांची भूमिका पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडली, आणि तीही त्वरित स्वीकारली गेली नाही. असे असता गटारे धुणे, घरे चुन्याने रंगविणे, माणसे हलविणे हे उपाय निःशंक अधिकारवाणीने लादले गेले. इतके करूनही साथ ओसरली नाही, तेव्हा उपायांबरोबर ते सांगणाऱ्यांवरील विश्वासही गेला.

याउलट वाल्देमार हाफकीन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. आगाखान तिसरे यांनीही अनुयायांची भीती दूर करण्यासाठी जाहीरपणे लस घेतली. सांगणाऱ्याने जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली, तेव्हा शब्दांना वजन आले.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाहा विणकर कुटुंबातील एका बारा वर्षांच्या मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर मात्र सक्तीचे धोरण क्रमशः मागे पडले. त्याच वर्षी दंडविधानात दुरुस्ती होऊन राजद्रोहाचे कलम व्यापक झाले आणि अफवांविषयीचे कलम ५०५ नव्याने रचले गेले. एका हाताने सक्ती सैल करीत असता दुसऱ्या हाताने बोलण्यावरील पकड शासनाने घट्ट केली.

समारोप

या घटनाक्रमातून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, अफवा हे बहुधा अनुत्तरित प्रश्नाचे रूप असते. ‘मोमीआई’च्या वदंतेमागे ‘आमच्या माणसाचे काय केले?’ हा साधा प्रश्न होता. दुसरा, संस्थेची कृती व तिचा जाहीरनामा यांत विसंगती असेल तर लोक कृतीच वाचतात. तिसरा, टीकेचा मार्ग बंद केल्याने संस्थेस स्वतःची चूक कळण्याचाही मार्ग बंद होतो.

१८९७ च्या त्याच कायद्याखाली महाराष्ट्र शासनाने १४ मार्च २०२० रोजी कोविड नियमावली काढली आणि तीत समाजमाध्यमांवरील अनधिकृत माहितीस प्रतिबंध केला. त्याच वर्षी मुंबई महानगरपालिकेने प्रभागनिहाय ‘वॉर रूम’ उभारून खाटांविषयीच्या प्रश्नांना दूरध्वनीवर उत्तरे देण्याची व्यवस्था केली. पहिला उपाय १८९८ च्या परंपरेतील आहे. दुसऱ्याची उणीव १८९६ मध्ये तीव्रतेने जाणवली होती. माध्यम भिंतीवरील जाहीरनाम्याचे असो वा हातातील भ्रमणध्वनीचे, विचारणाऱ्यास उत्तर मिळते की नाही, यावरच संस्थेवरील विश्वास अवलंबून असतो. तो विश्वास संकटाच्या दिवशी निर्माण करता येत नाही. तो आधीच जमा असावा लागतो.