लिटरचे किलो, वाटीचे ग्रॅम : स्वयंपाकघरातील वजन व माप

स्वयंपाकघरात पीठ वाटीने, मीठ चमच्याने आणि तेल पळीने घेतले जाते; बाजारात मात्र हेच जिन्नस किलो वा लिटरच्या हिशेबाने खरेदी करावे लागतात. या दोन पद्धतींची सांगड घालताना एक लिटर म्हणजे एक किलो, असे सर्रास गृहीत धरले जाते. वास्तविक हे समीकरण पाण्यापुरतेच खरे आहे. एक लिटर दुधाचे वजन सुमारे १,०३० ग्रॅम, मधाचे सुमारे १,४०० ग्रॅम, तर खाद्यतेलाचे अवघे ९१० ते ९२० ग्रॅम भरते.

तेलाच्या बाबतीत हा फरक थेट खिशाशी निगडित आहे. समजा, लिटरच्या पिशवीची किंमत १५० रुपये आणि किलोच्या डब्याची १६० रुपये आहे. वरकरणी पिशवी स्वस्त वाटते; परंतु १५० ला ०.९१ ने भागल्यास तिचा दर किलोला सुमारे १६५ रुपये पडतो. शिवाय तेल तापले की प्रसरण पावते. सोयाबीनच्या एक लिटर तेलाचे वजन २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम असते. म्हणजे अधिक तापमान गृहीत धरून भरलेल्या लिटरमागे ग्राहकाला २६ ग्रॅम तेल कमी मिळू शकते. याच कारणास्तव केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादकांना वेष्टनावर तापमानाचा उल्लेख न करता आकारमान आणि त्यासोबत वजनही छापण्याचे निर्देश दिले व त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

कोरड्या जिनसांचा हिशेब याहून अवघड. कणांमधील पोकळीमुळे २४० मिलिलिटरच्या एका कपात बारीक मीठ सुमारे २९० ग्रॅम मावते, साखर २०० ग्रॅम, आणि गव्हाचे पीठ जेमतेम १२० ते १३० ग्रॅम. पीठ चाळून भरले की दाबून, यावरही वजन बदलते. कपही सर्वत्र सारखा नसतो. अमेरिकी पाककृतींतील कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० मिलिलिटरचा. तेथील मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, इतरत्र बहुधा १५.

हा गोंधळ नवा नाही. महाराष्ट्रात धान्य पूर्वी मापानेच मोजले जाई : दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. वजनाचा शेर मात्र निराळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने लागू झाली, तरी घरातील वाटी आपल्या जागी कायम राहिली.

वाटीचे प्रमाण ठरलेले नसल्याने छापील तक्त्यापेक्षा आपलीच वाटी एकदा मोजून ठेवणे श्रेयस्कर. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा व ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. वाटी १५० मिलिलिटरची निघाल्यास तिच्यात साखर सुमारे १२५ ग्रॅम, तर गव्हाचे पीठ ७५ ते ८० ग्रॅम भरेल.