कानाला कळायचं

आमच्याकडं यंत्राचा आवाज ओळखायची विद्या मोटारीबरोबर आली नाही, ती विहिरीवरच्या इंजनाबरोबर आली. पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढच्या काळात डिझेल इंजनांनी मोटेची जागा घेतली. एका सिलिंडरचं ते धूड विहिरीच्या काठावर धकधकायचं आणि घरात भाकरी थापणाऱ्या बाईचा एक कान तिकडं असायचा. पाणी तळाला गेलं, पंपानं हवा ओढली, की इंजनावरचा भार सुटायचा आणि आवाज एकदम हलका, पोकळ व्हायचा. "पाणी तुटलं बघ, पळ," म्हणून ती पोराला पिटाळायची. इंजनाची भार ओढण्याची हाक वेगळी आणि रिकामं फिरण्याची वेगळी, हे शाळा न शिकलेल्या माणसांना तिथं कळलं.

मग जीप आली. महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. आमच्या गावात पोचेपर्यंत त्या जिपा तीन-तीन मालकांच्या हाताखालनं गेलेल्या, कितींची पेट्रोल इंजनं काढून डिझेल बसवलेली. अशा गाड्या आवाज करणारच. प्रश्न असायचा, कोणत्या आवाजाला भ्यायचं?

स्टँडामागच्या पत्र्याच्या शेडमधले आमचे मिस्त्री विहिरीवरच्या इंजनांवरच शिकलेले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आधी प्रश्न विचारायचे. थंडपणी येतो का तापल्यावर? चढाला वाढतो का? क्लच दाबला की जातो का? गाडीवाला म्हणायचा, "लई मोठ्ठा आवाज येतोय हो." मिस्त्री म्हणायचे, "मोठ्याचं काय सांगू नको, कुठनं येतो ते सांग."

वरनं येणारी बारीक टकटक म्हणजे बहुतेक टॅपेट. इंजनाच्या दोन फेऱ्यांना एकदा, कारण कॅम निम्म्या वेगानं फिरतो. पातळ पत्तीची गेज घालून फट जुळवली की काम झालं. बेल्ट ओलसर झाला की किंचाळतो. माणूस दचकतो, पण खर्च थोडा. सकाळी थंडपणी खडखडणारा आणि तापल्यावर गप्प होणारा पिस्टन कैक दिवस चालतो. खरा घातकी आवाज खालून येतो. जड, दबका, दारावर मुठीनं ठोकल्यासारखा. आणि भार पडला की वाढणारा. तो बिगेंडच्या बेअरिंगचा.

तो आवाज मी एकदाच ऐकला. पावसाळ्याच्या तोंडाला, रात्री. गावातल्या एका बाईला कळा सुरू झालेल्या, तिला तालुक्याला नेत होतो, मिस्त्री पुढं बसलेले. घाटाच्या अलीकडच्या फाट्यावर खालून ठक ठक सुरू झालं. मिस्त्रींनी गाडी थांबवायला लावली, इंजन चालूच ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट पान्यानं सैल करून पुन्हा आवळला. तिसऱ्याला आवाज पडला. त्या सिलिंडरात स्फोट होईना, म्हणून त्या बेअरिंगवर मार बसेना. त्यांनी लगेच इंजन बंद केलं.

बाईचा दीर अंगावर धावून आला. "चार मैल राहिलं! ती मरंल इथं!"

"घाटात रॉड तुटला तर रात्रभर कुणी फिरकायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "हितं फाट्याला दूधगाडी येती."

दूधगाडी तासाभरानं आली. तो तास मोठा होता. बाई ओरडत होती आणि दीर मिस्त्रींकडं बघतही नव्हता. दवाखान्यात पोचल्यावर मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी जीप ओढून आणली, खालचा चेंबर उघडला. बेअरिंगचा मऊ धातू झिजून आतलं पोलाद दिसत होतं. क्रँक मात्र वाचला, घासून बारीक केला, त्या मापाची बेअरिंगं बसवली.

1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि हळूहळू कान सुटत गेले. पुष्कळ नव्या इंजनांत टॅपेटची फट तेलाच्या दाबानं आपोआप जुळते, त्यावर जाड आवरणं, काचा वर, गाणी चालू. बिघाडाचा पिवळा दिवा लागतो, पण साधी वायर जोडून वाचलेला कोड झिजत चाललेल्या बेअरिंगचं नाव क्वचितच सांगतो. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा आणि खालची ठकठक एकदम आली, तर गाडी आहे तिथं बाजूला घेऊन चावी फिरवावी. मिस्त्रींच्या शेडमध्ये आता त्यांचा पोरगा बसतो. गाडी आली की तो आधी रेडिओ बंद करायला सांगतो.